किर्लोस्करांचा नांगर कसा खपला

आपल्या व्यवसायाशी जवळचं नातं असलेल्या एखाद्या मोठ्या माणसाचं चरित्र थोडक्यात लिहून द्या, असा स्मरणिकेच्या मंडळींचा निरोप आला. मी सॉफ्टवेअरमधली, त्यामुळे एखाद्या शास्त्रज्ञावर किंवा गणितज्ञावर लिहीन असं बहुतेकांना वाटलं असणार. मी लिहिते आहे लक्ष्मणराव किर्लोस्करांवर. कारखानदार म्हणून ते सगळ्यांना ठाऊक आहेत. लोखंडी नांगर, किर्लोस्करवाडी, पंप ही माहिती आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो. मला लिहायचं आहे ते विक्रेत्या लक्ष्मणरावांबद्दल. आज ज्याला ब्रँड आणि मार्केटिंग म्हणतात, ते काम त्या माणसाने हे शब्द मराठीत येण्याच्या कितीतरी आधी केलं, आणि माझ्या मते नांगर बनवण्यापेक्षा ते काम जास्त कठीण होतं.

हा विषय डोक्यात आला तो आपल्या बॅचच्या ग्रुपमुळे. मेळाव्यासाठी कोण काय करतो याची यादी केली तेव्हा दिसलं, की डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक मिळून जेवढे होतात त्यापेक्षा काहीतरी विकणारेच आपल्यात जास्त आहेत. विमा, औषधं, बी-बियाणं, मोटारी, पंप, फ्लॅट, फार्महाऊसचे प्लॉट. आणि यातल्या बऱ्याच जणांनी स्वतःची ओळख थोडी दबक्या आवाजात करून दिली होती. जणू बनवणारे ते खरे आणि विकणारे त्यांच्या जिवावर जगणारे. आमच्या क्षेत्रात तर हा समज फारच घट्ट आहे. प्रॉडक्ट चाललं तर श्रेय कोडचं, नाही चाललं तर दोष सेल्सचा. लक्ष्मणरावांचं चरित्र वाचताना हा हिशेब पार उलटतो, म्हणून ते इथे मांडावंसं वाटलं.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी झाला. घराणं मूळचं कोकणातलं, मालवणकडच्या किर्लोस गावावरून हे आडनाव आलं. गंमत म्हणजे लक्ष्मणराव धंद्यात पडण्याआधीच किर्लोस्कर हे नाव महाराष्ट्राला पाठ झालेलं होतं, पण वेगळ्याच कारणाने. संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गुर्लहोसूरचे. तेव्हा त्या काळी किर्लोस्कर म्हटलं की लोकांच्या कानात नाटकाची पदं वाजायची. या नावाचा आणि लोखंडाचा संबंध जोडायला पुढे वीसेक वर्षं घालवावी लागली.

वडील वेदान्ताचे अभ्यासक. मुलाला शाळेच्या अभ्यासात रस नव्हता, चित्रं आणि यंत्रं यांत मात्र तो रमायचा. थोरले भाऊ रामूअण्णा यांनी मदत केली आणि लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे लक्षात आलं, की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराच्या बाबतीत याहून वाईट काय असणार? रंग सोडले आणि त्यांनी यंत्रांची रेखाटनं करायची विद्या धरली. त्या जोरावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना शिक्षकाची नोकरी मिळाली. आपल्यापैकी काही जण जिथे शिकले तीच ही व्हीजेटीआय, तेव्हा ती भायखळ्याला होती. शिकवून झालं की ते कार्यशाळेत जाऊन यंत्रं समजून घेत. इंजिनिअरिंगची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. पदवी असलेली मी हे लिहिते आहे, म्हणून मुद्दाम सांगितलं.

मुंबईत त्यांनी सायकल पाहिली. नवी चीज होती, मोजक्या लोकांकडे असायची. ते स्वतः ती चालवायला शिकले आणि मग बेळगावला रामूअण्णांकडे सायकली पाठवू लागले. १८८८ मध्ये बेळगावात किर्लोस्कर ब्रदर्स या नावाने दुकान निघालं. मुंबईहून बेळगावला रेल्वेने जाणारा कोणताही माल बोरघाट चढूनच जायचा, त्यामुळे त्या सायकली रेल्वेने गेल्या असतील तर आपल्या कर्जत स्टेशनातूनच गेल्या, मागे ढकलगाडीचं इंजिन लागेपर्यंत थांबून. आपल्या स्टेशनाने काय काय जाताना पाहिलं असेल, असं मला अनेकदा वाटतं.

या दुकानातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रामूअण्णा सायकल नुसती विकत नसत, घेणाऱ्याला ती चालवायलाही शिकवत. आता विचार करा. शेकडो रुपये मोजून माणूस दोन चाकांची वस्तू घेतो, पहिल्याच दिवशी रस्त्यात सगळ्यांसमोर पडतो, गुडघे फोडून घेतो आणि ती वस्तू पडवीत उभी करून ठेवतो. त्याच्या शेजारच्यापैकी कोणी सायकल घेईल का? वस्तू विकली गेली, पण तिचा धंदा तिथेच संपला. शिकवल्यावर मात्र तोच माणूस रोज गावातून सायकल मारत जातो, म्हणजे फुकटची चालती जाहिरात. आमच्याकडे याला ऑनबोर्डिंग म्हणतात आणि त्याच्यासाठी वेगळा विभाग असतो. किर्लोस्कर बंधूंकडे तो विभाग म्हणजे रामूअण्णा, सायकलची सीट धरून मागे पळणारे.

१८९७ मध्ये लक्ष्मणरावांनी मुंबईची नोकरी सोडली. बढतीच्या वेळी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा दिली गेली, हे त्यामागचं कारण. ते बेळगावला आले, भावाबरोबर दुकान सांभाळू लागले आणि शेतीची अवजारं बनवायच्या मागे लागले. आधी कडबा कापायची यंत्रं केली. त्यानंतर विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला नांगर.

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळा लेख मी याच जागेसाठी लिहिते आहे.

आपल्याकडे, म्हणजे कर्जत-खालापूरच्या भातपट्ट्यात, नांगर म्हणजे हलकी लाकडी वस्तू. राब भाजायचा, पाऊस पडला की चिखलणी करायची, एक बैलजोडी, पुढे लावणी. देशावरच्या काळ्या जमिनीची गोष्ट निराळी. तिथे हरळी आणि कुंद्याची मुळं खोलवर गेलेली असतात. ती काढायची तर उन्हाळ्यात जमीन खोल उलथावी लागते. लाकडी नांगर वरवर ओरखडतो, त्याला चार-चार, सहा-सहा बैल जुंपले तरी तो फारसा खोल जात नाही. लोखंडी नांगर माती खालून वर पलटतो, मुळं उघडी पडतात आणि उन्हाने मरतात. म्हणजे गरज खरी होती. वस्तू चांगली होती. विलायती लोखंडी नांगर बाजारात होतेही. तिकडे नांगर ओढतात घोडे, आपल्याकडे बैल, आणि तुटलेला भाग मागवायचा तर तो सातासमुद्रापलीकडून. लक्ष्मणरावांचा नांगर इथलाच, इथल्या बैलांसाठी केलेला.

एवढं सगळं असून तो खपेना. लोखंडाने जमिनीला विष बाधतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली.

दोन वर्षं हा आकडा वाचताना झरकन निघून जातो. पण ज्याने स्वतःचं काही विकायला ठेवलं आहे त्याला विचारा. लोखंडात पैसा अडकलेला, माणसांचे पगार चालू, माल पडवीत गंजतो आहे आणि रोज सकाळी तेच. या काळात सुटकेच्या तीन वाटा असतात. भाव पाडायचा, किंवा गिऱ्हाईक अडाणी आहे म्हणून हात झटकायचे, किंवा वस्तूच सोडून द्यायची. माझ्या क्षेत्रात मी या तिन्ही वाटांनी गेलेली चांगली प्रॉडक्ट्स पाहिली आहेत, आणि दुसरी वाट सर्वांत लोकप्रिय आहे. युजरला कळत नाही, हे वाक्य मी जेवढ्या मीटिंगांत ऐकलं तेवढं दुसरं कुठलंच नसेल.

शेतकरी खरंच अडाणी होता का? मला तसं वाटत नाही. आपण शेतकऱ्यांची मुलं आहोत, निदान निम्मे तरी. जमीन ही वस्तू वर्षातून एकदाच उत्तर देते. बी बदललं, नांगर बदलला, खत बदललं, तर ते बरोबर होतं की नाही हे कळायला पूर्ण हंगाम जावा लागतो, आणि उत्तर चुकलं तर पुढचं वर्ष सावकाराच्या दारात. अशा माणसाने नव्या वस्तूबद्दल संशय धरणं म्हणजे त्याचं एकमेव विमासंरक्षण. विष बाधतं हे कारण चुकीचं होतं, पण सावध राहायचं हा निर्णय त्याच्या जागी अगदी बरोबर होता. आपल्याकडेही नव्या जातीचं भात आलं तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी आधी एका कोपऱ्यातल्या खाचरातच लावून पाहिलं होतं. कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रातून निघालेल्या जाती, कर्जत-३ असो की कर्जत-७, कोकणभर पोहोचल्या त्या अशाच, कोपऱ्यातल्या खाचरातून बांधापलीकडच्या खाचरात.

लक्ष्मणरावांनी चौथी वाट धरली. नांगर शेतात चालवून दाखवायचा, वापरणाऱ्याची तक्रार ऐकायची आणि वस्तू सुधारायची. शेतातली गोष्ट झाकून राहत नाही. नांगरट बांधावरून दिसते, ढेकळं किती मोठी निघाली ते दिसतं, पुढे पीक कसं आलं तेही साऱ्या गावाला दिसतं. जमिनीला विष बाधलं नाही, हे कुठलंही पत्रक पटवू शकलं नसतं. ते शेजारच्याच्या शेतानेच पटवलं. मग खऱ्या तक्रारी सुरू झाल्या. नांगराचा फाळ सुरुवातीला विलायती फाळापेक्षा लवकर झिजायचा. ही तक्रार म्हणजे मोठंच यश होतं, कारण विषाची भीती जाऊन आता बोलणं लोखंडाच्या कडकपणावर आलं होतं. लक्ष्मणराव ओतकामाच्या मागे लागले आणि फाळ कडक करूनच थांबले. परदेशी तांत्रिक मासिकं वाचून एकेक गोष्ट स्वतः करून पाहायची, ही त्यांची सवय इथे कामी आली.

नांगर विकत घेतला की संबंध संपत नाही, हे या धंद्याचं मर्म आहे. फाळ झिजतोच. दरवर्षी नवा लागतो. तो जवळच्या बाजारात, त्याच मापाचा मिळाला तर शेतकरी पुन्हा त्याच नावाकडे येतो. नाही मिळाला तर अख्खा नांगर गोठ्यामागे पडतो आणि गावभर बदनामी करतो. म्हणून नांगरावर आडनाव ओतलेलं असणं ही फुशारकी नव्हती, ती जबाबदारी होती. वस्तू बिघडली तर कुणाच्या दारात यायचं याचा पत्ताच तो. स्वदेशीच्या चळवळीने १९०५ नंतर हवा अनुकूल झाली हे खरं, पण हरळीत वाकणारा नांगर कोणी देशप्रेमाखातर दुसऱ्यांदा घेत नाही.

पुढचा भाग सर्वांना माहीत आहे, म्हणून भरभर सांगते. धंदा जरा रुळतो आहे तोच बेळगावच्या नगरपालिकेने गावाच्या वाढीसाठी कारखान्याची जागा मागितली. लक्ष्मणराव त्या वेळी औंधला एका बांधकामाचं काम पाहत होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानात बोलावलं, कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर माळरान जमीन आणि दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं. निवडुंग आणि साप एवढंच तिथलं पीक. १९१० मध्ये तिथे कारखाना आणि वसाहत उभी राहू लागली. स्टेशनाजवळची जागा निवडली यातही विक्रेत्याची नजर दिसते. नांगर जड असतो, तो गाडीत चढला नाही तर गिऱ्हाइकापर्यंत जाणार कसा? वाडीत त्यांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना पहाऱ्याचं काम दिलं, अस्पृश्यता पाळायची नाही असा दंडक घातला. पत्नी राधाबाई या सगळ्यात बरोबरीने होत्या. या वसाहतीवर कुणीतरी वेगळं लिहावं, माझा तो विषय नाही.

पहिल्या महायुद्धात विलायती माल यायचा बंद झाला आणि देशी नांगराची मागणी एकदम वाढली. पण कच्चं लोखंडही मिळेना. तेव्हा कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या, पडून राहिलेल्या तोफा घेऊन त्या वितळवल्या आणि त्यांचे नांगर ओतले. हा प्रसंग भाषणांत फार वापरला जातो, तोफेचा नांगर झाला वगैरे. मला त्यात दुसरंच दिसतं. बाजारात माल नाही, स्पर्धक नाही, अशा वेळी माल पुरवता आला नाही तर गिऱ्हाईक हातचं जातं. कसंही करून माल पोहोचवायचा, ही त्या तोफांमागची खरी निकड असणार.

आता दुसऱ्या माणसाकडे वळते, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट अर्धी राहील. शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे शंवाकि. जन्म १८९१, लक्ष्मणरावांचे पुतणे. काकांना रंग ओळखता येत नव्हते, पुतण्या मात्र उत्तम चित्रकार आणि व्यंगचित्रकार. जाहिरात आणि विक्रीच्या बाजूला शंकररावांनी आपली लेखणी आणि कुंचला लावला. १९२० मध्ये, ज्या वर्षी किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली त्याच वर्षी, त्यांनी किर्लोस्कर खबर नावाचं मासिक सुरू केलं. कल्पना साधी होती. कारखान्यात काय बनतं, कोण वापरतं, कसं वापरायचं याची बातमी एजंटांना आणि गिऱ्हाइकांना कळावी.

असं घरगुती पत्रक आज प्रत्येक कंपनी काढते आणि कोणी वाचत नाही. शंकररावांचं मासिक लोक वर्गणी भरून वाचू लागले. कारण त्यांनी हळूहळू त्यातली नांगराची जागा कमी केली आणि वाचणाऱ्याच्या आयुष्याला जागा दिली. धंदा, शोध, प्रवास, समाजसुधारणा, व्यंगचित्रं, कथा. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे लेख त्यात आले. पुढे नावातला खबर गळाला आणि नुसतं किर्लोस्कर उरलं. १९३० मध्ये स्त्री आणि १९३४ मध्ये मनोहर ही मासिकं त्याच घरातून निघाली. आपल्यापैकी अनेकांच्या आज्यांनी स्त्री वाचलेलं आहे. माझ्या आजीच्या ट्रंकेत, साड्यांच्या तळाशी, जुने अंक होते. आमच्या घरात लोखंडी नांगर कधी नव्हता, भातशेतीत त्याचं कामच नव्हतं. पण नांगर न घेणाऱ्या घरातल्या, धंद्याशी काही संबंध नसलेल्या बाईला हे नाव आपलं वाटत होतं.

यावर थोडं मतभेदाला जागा आहे हे मला माहीत आहे. आपल्या मराठीच्या बाई म्हणतील, की ही मासिकं साहित्याची आणि सुधारणेची, त्यांना जाहिरात म्हणून हिणवू नकोस. मी हिणवत नाहीच. मला वाटतं, ती खरोखरीची मासिकं होती म्हणूनच त्यांचा धंद्याला उपयोग झाला. वाचकाला फसवून नांगर विकायचा डाव असता तर दोन वर्षांत उघडा पडला असता. शंकररावांनी धंद्याच्या शास्त्रावर मराठीत पुस्तक लिहिलं, शंवाकीय हे आत्मचरित्र लिहिलं, आणि १९७५ मध्ये ते गेले. मराठीत मार्केटिंगमधलं करिअर कुणाचं, असं विचारलं तर मी त्यांचंच नाव सांगेन. आपल्यातल्या विकणाऱ्यांनी शंवाकीय मिळवून वाचावं.

नांगरानंतर उसाचे चरक आले, शेंगा फोडायची यंत्रं आली, १९२६ च्या सुमारास पंप आले. अमेरिकेत एमआयटीत शिकून आलेले लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव त्याच सुमारास कारखान्यात रुजू झाले, आणि पुढे ऑइल इंजिनं, विजेच्या मोटरी हा विस्तार झाला. पंपांच्या आणि इंजिनांच्या रूपाने किर्लोस्कर आपल्या भागात शिरले. टाटांच्या भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेल्या पाण्यामुळे पेज नदी उन्हाळ्यातही वाहते आणि राजनाल्याच्या काठी उन्हाळी भात होतं, हे आपण भूगोलात नाही, सुट्टीत डुंबताना शिकलो. नाल्याचं पाणी जिथे आपोआप पोहोचत नाही तिथे लोक इंजिन लावायचे, आणि कंपनी कुठलीही असो, त्याला किर्लोस्करच म्हणायचे. नावाचं सामान्यनाम होणं हा विक्रीच्या जगातला सर्वोच्च मान. काठावर बसलेल्या कोणालाही त्या मानाची काही पडलेली नव्हती, त्यांना ते इंजिन चालू व्हायला हवं होतं.

लक्ष्मणराव काही काळ औंध संस्थानाचे दिवाणही होते. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावली गेली, फार मोठं नुकसान झालं. ज्या मुलखातल्या शेतांत हे नाव कोरलेले नांगर चालत होते, त्याच मुलखात हे घडलं. ब्रँडवर लिहिणारे लोक हा भाग गाळतात, कारण तो त्यांच्या कुठल्याच आकृतीत बसत नाही. चाळीस वर्षांत मिळवलेला वस्तूवरचा विश्वास एका गोष्टीपुरता होता, माणसामाणसांतल्या दुराव्याला तो पुरला नाही. कारखाना पुन्हा उभा राहिला, तिथेच. लक्ष्मणराव तेव्हा ऐंशीला आले होते. २६ सप्टेंबर १९५६ रोजी ते गेले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. बेळगावात आजही किर्लोस्कर रोड आहे, पहिल्या दुकानाच्या गावात.

आता एक आपल्या घरची गोष्ट, स्मरणिका आपली आहे म्हणून. आपल्याकडेही एक नाव बाजारात आहे: कर्जत. बियाण्याच्या पिशवीवर ते छापलेलं असतं आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातला शेतकरी ते वाचून पिशवी उचलतो, कारण त्यामागे केंद्रातल्या लोकांच्या अनेक हंगामांच्या चाचण्या आहेत. तेच नाव चौक फाट्यापासून नेरळपर्यंत होर्डिंगांवर आहे, डोंगर, धबधबा आणि मुंबईपासून दोन तास. तिथेही विकणारे आपलेच आहेत, आणि विकणाऱ्यांत माझ्या बाकावर बसलेल्या दोघीतिघी आहेत. त्यांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. उन्हातान्हात गिऱ्हाईक फिरवणं, सातबारा तपासणं, नकार पचवणं, हे मला जमलं नसतं. पण प्लॉट घेतलेल्या माणसाच्या रस्त्याचं, पाण्याचं, आणि ज्याने जमीन दिली त्याच्या पुढच्या पिढीचं काय झालं, हे पाहायला आपण दोन वर्षांनी परत जातो का? प्लॉटला फाळ नसतो, तो झिजत नाही, म्हणून गिऱ्हाईक परत दारात येत नाही. या धंद्यात नाव राखायची सक्तीच नाही, राखलं तर स्वतःहून राखायचं. यावर मेळाव्याला आपण भांडू, मी तयार आहे. खोपोलीकरांनी जरा लवकर या, म्हणजे शेवटच्या लोकलची घाई नको.

आणि एक सुचवायचं आहे. पुण्या-मिरजेच्या रेल्वेमार्गावर किर्लोस्करवाडी स्टेशन आहे, तेच जुनं कुंडल रोड. मुंबईहून कोल्हापूरला जाणाऱ्या गाड्या आपल्या कर्जतवरूनच जातात आणि त्यातल्या काही तिथे थांबतात. शाळेत असताना आपली सहल त्या बाजूला कधी गेली नाही. पुढच्या हिवाळ्यात ज्यांना जमेल त्यांनी नावं द्यावीत, तिकिटं काढायचं काम मी करते.